छोट्या मुलाला घरी इन्सुलिन द्यायचंय? आम्ही कसं करतो ते सांगते

माझ्या लेकीला चौथं संपत आलं होतं तेव्हा टाइप १ डायबेटिस निघाला, आता ती ७ वर्षांची आहे, म्हणजे दिवसाला चार इंजेक्शनं धरली तर ४००० च्या वर सुया आम्ही घरात टोचल्यात. हॉस्पिटलमधून सोडलं तेव्हा एका पिशवीत इन्सुलिन टोचायची दोन पेनं, सुयांचा डबा, शुगर बघायचं मीटर, त्याच्या स्ट्रिप्स आणि डोसचा झेरॉक्स केलेला तक्ता दिला होता, नर्सताईंनी दोनदा करून पण दाखवलं होतं, तरी भांडुपला घरी येऊन संध्याकाळी पेन हातात घेतलं तेव्हा हात इतका थरथरत होता की पेनला सुईच बसेना. त्या संध्याकाळी कुणीतरी शेजारी बसून सांगणारं हवं होतं, म्हणून हे लिहितेय. डोस किती ते मी सांगणार नाही, ते तुमच्या मुलाचं वजन, वय, शुगर बघून तुमचे डॉक्टरच ठरवणार, आणि दुसऱ्या कुणाच्या मुलाचा डोस ऐकून आपल्या मुलाला कधीच देऊ नका. मी सांगतेय ते हाताचं काम, आणि त्या हाताच्या कामात पोराचा आपल्यावरचा विश्वास कसा टिकवायचा ते.

आधी एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना समजवा. हा आजार गोड जास्त खाल्ल्याने होत नाही, आईने गरोदरपणात काय खाल्लं त्याने होत नाही. शरीराची स्वतःचीच संरक्षण यंत्रणा स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकते आणि मग इन्सुलिन बाहेरूनच द्यावं लागतं, तोंडाने दिलं तर ते पोटात पचून जातं म्हणून त्याची गोळी देता येत नाही. आमच्या सासूबाई पहिले दोन महिने रोज सकाळी कारल्याचा रस काढून ठेवायच्या, जांभळाच्या बियांची पावडर कुणाकडून तरी आणली होती, त्यांचा जीव तुटत होता म्हणून मी भांडले नाही. एकदा शांतपणे बसून सांगितलं की आई, १९२१ साली टोरंटोला इन्सुलिन सापडलं, जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड थॉम्प्सन नावाच्या १४ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा ते दिलं आणि तो जगला, त्याच्या आधी अशी मुलं काही महिन्यांत किंवा एखाद-दोन वर्षांत जायचीच, कारली तेव्हाही होती. त्यानंतर त्यांनी रस बंद केला आणि आता दुपारचं इंजेक्शन त्याच देतात.

अजून एक, सुरुवातीच्या काही आठवड्यांनंतर बऱ्याच मुलांची इन्सुलिनची गरज एकदम कमी होते, कारण उरलेल्या पेशी थोडे दिवस परत काम करतात, डॉक्टर त्याला हनिमून फेज म्हणतात. नेमकं त्याच वेळी कुणाचं तरी औषध चालू असेल तर वाटतं त्यानेच फरक पडला. हे दिवस संपतात. डोस कमी करायचा तो डॉक्टरांना विचारून, इन्सुलिन बंद मात्र करायचं नाही.

बहुतेक मुलांना दोन प्रकारचं इन्सुलिन असतं. एक लांब पल्ल्याचं, दिवसातून साधारण एकदा, ते दिवसभर मागे हळूहळू चालू राहतं. दुसरं जेवणाचं, ते १०-१५ मिनिटांत काम सुरू करतं, तास-दोन तासांत जोरात असतं आणि तीन ते पाच तासांत उतरतं. म्हणून जेवणाचं इन्सुलिन दिल्यावर तासाभराने शुगर वर दिसली की लगेच अजून टोचायचं नाही, आधीचं अजून आत चालू असतं, त्यावर दुसरं चढलं की थोड्या वेळाने दोन्ही मिळून शुगर खाली खेचतात. मधे किती तास सोडायचे ते डॉक्टरांकडून लिहून घ्या.

आता साठवण. न उघडलेलं इन्सुलिन फ्रीजमध्ये २ ते ८ डिग्रीत, दाराच्या कप्प्यात किंवा मधल्या कप्प्यात पुढे, बर्फाच्या कप्प्यात नाही आणि मागच्या भिंतीला चिकटून पण नाही कारण तिथे गोठतं. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर दिसायला अगदी चांगलं दिसतं पण ते टाकायचंच. वापरात असलेलं बहुतेक इन्सुलिन ३० डिग्रीच्या आत २८ दिवस चालतं, काहींचे दिवस जास्त असतात, पेटीतला कागद वाचा. उघडलं त्या दिवशीच पेनवर चिकटपट्टी लावून तारीख लिहा. छोट्या मुलाला दिवसाचं इन्सुलिन इतकं कमी लागतं की ३०० युनिटचं कार्ट्रिज, म्हणजे पेनात बसते ती इन्सुलिनची नळी, २८ दिवसांत संपत नाही, उरलेलं टाकताना जीवावर येतं, महाग असतं, मला माहितीय, पण आम्ही एकदा दहा दिवस पुढे ढकललं आणि शुगर कशानेच खाली येईना, शेवटी नवीन कार्ट्रिज घातल्यावर आली.

मुंबईत एप्रिल-मेमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये घरात ३० च्या वर सहज जातं, त्यामुळे आम्ही त्या महिन्यांत वापरातलं पेन पण फ्रीजमध्येच ठेवतो, सुई काढून, आणि द्यायच्या अर्धा तास आधी बाहेर काढतो कारण गार इन्सुलिन झोंबतं. काही पेनांच्या कागदावर वापरातलं पेन फ्रीजमध्ये ठेवू नका असं असतं, तेव्हा एकदा विचारून घ्या. फ्रीज नसेल किंवा बिघडला असेल तर एकात एक दोन मातीची भांडी, मधे ओली वाळू, वर ओलं फडकं, आत डबीत इन्सुलिन, सावलीत वारा लागेल असं. पण आपल्याकडच्या दमट हवेत मातीचं भांडं नागपूरसारखं गार होत नाही, तेव्हा त्याच्यावर महिना काढू नका, शेजाऱ्यांच्या फ्रीजमध्ये एक डबा नाव घालून ठेवायची सोय करा. आमच्या मजल्यावरच्या काकूंकडे आमचा एक डबा कायम असतो.

पेन न वापरता बाटली आणि सिरिंज वापरत असाल तर इथे अगदी डोळ्यात तेल घालून बघा. आपल्याकडे बाटल्या दोन ताकदीच्या मिळतात, ४० वाली आणि १०० वाली, म्हणजे एका मिलीमध्ये ४० युनिट किंवा १०० युनिट. सिरिंज पण वेगळ्या, ४० ची लाल टोपीची, १०० ची केशरी टोपीची. १०० ची बाटली आणि ४० ची सिरिंज अशी जोडी झाली तर १ युनिटच्या खुणेवर अडीच युनिट जातं. चार वर्षांच्या पोराला अडीच पट इन्सुलिन म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. आम्हाला एका केमिस्टने असंच चुकीचं पाकीट दिलं होतं, गर्दीची वेळ होती, मी पण न बघता पिशवीत टाकलं, घरी नवऱ्याने लाल टोपी बघितली म्हणून कळलं. तेव्हापासून काउंटरवरच बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा मोठ्याने वाचते, मागे रांग असली तरी. पेनची कार्ट्रिज १०० ची असतात, त्यातून सिरिंजने इन्सुलिन काढायच्या भानगडीत पडू नका. आणि १ मिलीच्या १०० वाल्या सिरिंजवर एक बारीक रेघ सहसा २ युनिटची असते, ते पण नीट बघून ठेवा. छोट्या मुलांना अर्धं युनिट पण फरक करतं, म्हणून अर्ध्या अर्ध्या युनिटने फिरणारं पेन तुमच्या मुलाला चालेल का ते डॉक्टरांना नक्की विचारा.

आता टोचायचं कसं. हात धुवा, तुमचे आणि तिचे दोघांचे. शुगर बघा. केळं किंवा आंबा खाऊन बोट न धुता तपासलं तर मीटर खोटा मोठा आकडा दाखवतं आणि त्यावर आपण जास्त इन्सुलिन देऊन बसतो. बोटाच्या मधे न टोचता कडेला टोचा, कमी दुखतं. मग पेन हातात घेऊन नाव मोठ्याने वाचा. ढगाळ इन्सुलिन असेल तर दोन तळव्यांत वीसेक वेळा हळू घोळवा, जोरात हलवू नका, आणि नेहमी स्वच्छ पाण्यासारखं असणारं इन्सुलिन गढूळ दिसलं किंवा त्यात कण दिसले तर वापरूच नका. नवीन सुई बसवा, पेन उभं धरून २ युनिट हवेत सोडा, टोकाला थेंब दिसला पाहिजे, नाही दिसला तर परत. हे रोज करायला कंटाळा येतो पण सुई तुंबलेली असेल किंवा कार्ट्रिजमध्ये हवा असेल तर आपल्याला वाटतं दिलं आणि आत काहीच जात नाही. मग डोस फिरवा, आणि घरात दुसरं कुणी असेल तर त्यांना आकडा दाखवा.

जागा म्हणजे पोट बेंबीपासून दोन बोटं सोडून, मांडीचा पुढचा-बाहेरचा भाग, कुल्ल्याचा वरचा बाहेरचा भाग, आणि दंडाची मागची बाजू, पण दंडावर एकट्याला चिमटी धरता येत नाही म्हणून आम्ही तिथे कमी देतो. सुई ४ मिलिमीटरची घ्या, लहान मुलांना तीच पुरते. सहा वर्षांच्या आतल्या किंवा अगदी बारीक मुलांना अंगठा आणि पहिल्या एक-दोन बोटांनी कातडी अलगद चिमटीत उचला, मांस नाही नुसती कातडी, सुई सरळ काटकोनात एका दमात आत घाला, हळूहळू घालण्यानेच जास्त दुखतं, बटण शेवटपर्यंत दाबा आणि दाबलेलंच ठेवून दहा मोजा, मग सुई बाहेर आणि त्यानंतर चिमटी सोडा. दहा मोजले नाहीत तर टोकातून थेंब बाहेर येतो, आणि जिचा डोसच दीड युनिट आहे तिच्यासाठी एक थेंब म्हणजे बरंच झालं. टोचलेली जागा चोळायची नाही. कातडी स्वच्छ असेल तर स्पिरिट लावायलाच पाहिजे असं नाही, लावलं तर पूर्ण वाळू द्या, ओल्या स्पिरिटवर टोचलं की आग होते. सुई लगेच काढून टाका, पेनला लावून ठेवली की हवा शिरते. एक सुई एकदाच, खर्चामुळे बरेच जण तीच परत वापरतात पण टोक बोथट होतं आणि पोर जास्त रडतं.

गरम पाण्याने आंघोळ झाल्या झाल्या किंवा पळापळी सुरू व्हायच्या आधी मांडीत दिलं तर इन्सुलिन लवकर शोषलं जातं, हे लक्षात असू द्या.

रोज एकाच जागी दिलं की तिथे चरबीची गाठ होते. मुलांना तिथे दुखत नाही म्हणून ती स्वतःच तिथेच द्या म्हणतात. माझी लेक उजव्या मांडीचं एकच ठिकाण धरून बसली होती, सहा महिन्यांनी डॉक्टरांनी बोट फिरवून दाखवलं, कातडीखाली लिंबाच्या फोडीएवढा मऊ फुगवटा, आणि त्यातून इन्सुलिन कधी शोषलं जातं, कधी जात नाही, म्हणून शुगरचा काही मेळ लागत नव्हता. म्हणून मी पुठ्ठ्यावर तिची आकृती काढली, दोन पाय, पोट, दोन हात, आणि माझ्या टिकल्यांचं पाकीट तिला दिलं. जिथे टोचलं तिथे ती टिकली लावते, पुढची टिकली त्याच्यापासून निदान बोटभर लांब, आठवडा झाला की मांडी बदलायची. तीन वर्षांत असे पाच पुठ्ठे झालेत. महिन्यातून एकदा आंघोळीच्या वेळी साबणाच्या हाताने सगळ्या जागा चाचपून बघा, साबणाने गाठ पटकन हाताला लागते.

आता मला सगळ्यात जास्त कळकळीने सांगायचंय ते. मुलाला फसवून टोचू नका. पहिल्या आठवड्यात ती घाबरून पलंगाखाली जायची, तेव्हा मी कार्टून लावून दिलं आणि मागून जाऊन तिला न सांगता कमरेवर टोचलं. काम झालं, पण पुढचे आठ दिवस ती झोपताना दोन्ही हात पोटावर घट्ट दाबून झोपायची आणि मी नुसतं पांघरूण नीट करायला गेले तरी दचकून उठायची. ते बघून मी तिला मांडीवर घेऊन सॉरी म्हणाले आणि शब्द दिला की यापुढे सांगितल्याशिवाय कधीच नाही. तो शब्द आजपर्यंत पाळलाय. रात्रीचं इंजेक्शन झोपेत द्यावं लागणार असेल तर झोपायच्या आधी तिला सांगते, कुठे देऊ विचारते, ती टिकली आधीच लावून ठेवते.

द्यायचं की नाही हे तिला विचारायचं नाही, कारण त्यात पर्याय नाहीये, कुठे द्यायचं आणि कोण देणार एवढं मात्र तिने ठरवायचं. दुखणार नाही असं खोटं सांगू नका, मुंगी चावल्यासारखं टोचेल आणि दहा अंकांत संपेल असं सांगा. ती दहा मोजणी आता तिची आहे, आधी एक ते दहा म्हणायची, आता बे एके बे सुरू करते आणि बे दाही वीसला मी सुई काढते, बरोबर दहा होतात. फारच दुखतं म्हणाली तर आधी बर्फाचा खडा रुमालात धरून थोडा वेळ त्या जागेवर टेकवते आणि कातडी पुसून मग टोचते. ती रडते तेव्हा रडू द्यायचं, त्या वेळी रागवायचं नाही, आणि अर्धा तास समजूत काढत पण बसायचं नाही, वाट बघण्यात भीती वाढत जाते. आणि घरात, बिल्डिंगमध्ये कुणीही मस्ती केलीस तर सुई टोचीन असं म्हणालं तर तिथल्या तिथे थांबवा, मग ते मोठे असोत की पाहुणे असोत. शुगरच्या आकड्याला पण आम्ही चांगली-वाईट म्हणत नाही, वर आहे किंवा खाली आहे एवढंच, नाहीतर मुलं आकडा लपवायला लागतात.

जेवणाचं इन्सुलिन साधारण १०-१५ मिनिटं आधी दिलं तर छान, पण चार वर्षांचं पोर किती खाईल याचा भरवसा नसतो, इंजेक्शन दिल्यावर दोन घास खाऊन उठलं तर आपलाच घास घशाखाली उतरत नाही. आमच्या डॉक्टरांनी सुरुवातीला डोसचे दोन भाग करून दिले होते, थोडा आधी आणि उरलेला ताटात किती संपलं ते बघून लगेच. तुमच्या डॉक्टरांना हे विचारा, स्वतःच्या मनाने करू नका. कार्ब, म्हणजे खाण्यातले साखर-पिष्टाचे पदार्थ, मोजायला शिकून घ्या, एक पातळ फुलका म्हणजे अंदाजे १५ ग्रॅम, २०० मिली दूध म्हणजे साधारण १० ग्रॅम, भात मात्र एकदा तरी वजनकाट्यावर मोजून तुमच्या घरची वाटी ठरवा कारण प्रत्येकाची वाटी वेगळी. मोदक, आंबा, बड्डेचा केक याला आमच्याकडे बंदी नाही, मोजून, जेवणाबरोबर, त्याचं इन्सुलिन देऊन. लपून खाल्लेल्याचं इन्सुलिन देता येत नाही, हे मी सासूबाईंना पण सांगितलंय आणि लेकीला पण.

शुगर ७० च्या खाली म्हणजे लो. घाम, थरथर, पांढरी पडणं, एकदम भूक, कारण नसताना चिडचिड, किंवा गप्प होऊन एकटक बघणं, प्रत्येक मुलाचं वेगळं असतं. माझी लेक लो झाली की चप्पल उलटी घालते आणि सांगितलं तरी तिला कळत नाही. मीटर हाताशी असेल तर बघा, नसेल तर न बघता साखर द्या. लहान मुलाला किलोमागे साधारण ०.३ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे १७ किलोच्या मुलाला ५ ग्रॅमच्या आसपास, छोटा चमचा शीग भरून ग्लुकोज पावडर थोड्या पाण्यात, किंवा साखरेचं पाणी. चॉकलेट, पेढा, बिस्किट नाही, त्यातल्या तुपा-चरबीने साखर रक्तात जायला उशीर होतो. १५ मिनिटांनी परत शुगर बघा, ७० च्या वर नसेल तर परत तेवढंच. आपण घाबरून वाटीभर साखर भरवतो आणि मग शुगर ३०० ला जाते, मी हे अनेकदा केलंय.

मूल बेशुद्ध असेल किंवा झटके येत असतील तर तोंडात काहीही घालू नका, पाणी पण नाही, श्वासनलिकेत जाईल. कुशीवर वळवा, शुगर वर आणणारं ग्लुकागॉनचं इंजेक्शन असेल तर द्या आणि १०८ ला फोन करा. ग्लुकागॉन २५ किलोच्या आत सहसा अर्धं, त्याच्या वर पूर्ण देतात, पण ते सगळ्या केमिस्टकडे नसतं, म्हणून आधीच डॉक्टरांकडून चिठ्ठी घेऊन मागवून ठेवा आणि कसं बनवायचं ते शिकून घ्या. ज्या दिवशी संध्याकाळी मैदानात खूप खेळणं झालंय त्या रात्री दोन-अडीचला उठून एकदा शुगर बघा, खेळाचा परिणाम बऱ्याच तासांनी दिसतो. दंडावर लावायचा, सतत शुगर दाखवणारा सेन्सर परवडत असेल तर लावा, एक १४ दिवस चालतो, खूप सुया वाचतात, पण तो रक्तापेक्षा काही मिनिटं मागे असतो, तेव्हा पोर लो दिसतंय आणि सेन्सर ठीक म्हणतोय असं झालं तर बोट टोचून बघा.

चूक कशी होते ते पण सांगते. नवऱ्याची नाइट शिफ्ट होती, मी दमलेले, रात्री साडेदहाला लांब पल्ल्याचं द्यायच्या ऐवजी तेवढेच युनिट जेवणाच्या पेनने दिले. पेन खाली ठेवताना झाकणाचा रंग दिसला. तेव्हा तिचं वजन १७ किलो होतं. डॉक्टरांनी फोन उचलला, म्हणाले लगेच ग्लुकोजचं पाणी पाजायला सुरुवात करा आणि तिला घेऊन निघा, रिक्षात दर १५ मिनिटांनी शुगर बघत, चमच्याने पाजत गेलो आणि सकाळपर्यंत सलाइनवर ठेवलं. ती बरी राहिली कारण मी लगेच फोन केला, लाजेने गप्प बसले असते तर मला पुढचा विचार करवत नाही. तुमच्याकडून झालं तर लपवू नका, थांबू नका, फोन करा. त्या दिवसानंतर दोन्ही पेनं एका डब्यात नसतात. जेवणाचं स्वयंपाकघरात, रात्रीचं देवघराच्या वरच्या फळीवर आणि त्याला जाड रबर बँड गुंडाळलेला, अंधारात पण हाताला कळतो. आणि फ्रीजवरच्या कालनिर्णयमध्ये त्या तारखेच्या चौकोनात स, दु, सं, रा लिहून दिल्या दिल्या बरोबरची खूण, आधी नाही. आम्ही तिघं देणारे आहोत, खूण नसेल तर विचारायचं, आणि विचारायला कुणी नसेल, दिलंय की नाही ते आठवत नसेल तर अंदाजाने परत द्यायचं नाही, शुगर बघून डॉक्टरांना विचारायचं.

ताप आला, उलट्या झाल्या, पोर काही खात नाही तरी इन्सुलिन बंद करायचं नाही. इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो, खाल्लं नाही मग कशाला द्यायचं असं वाटतं, पण आजारपणात शुगर उलट वाढते आणि इन्सुलिन नसेल तर शरीर चरबी जाळून कीटोन बनवतं, रक्त आम्ल होतं. डोस कमी-जास्त लागेल, तो विचारून घ्या. दोन-तीन तासांनी शुगर बघा, २५० च्या वर राहिली तर लघवीची किंवा रक्ताची कीटोन पट्टी बघा, पाणी घोट घोट पाजत राहा. कीटोन दिसले की डॉक्टरांना फोन. पोटात दुखणं, परत परत उलटी, खोल जोरजोरात श्वास, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास, सुस्ती, यातलं काही दिसलं तर सरळ हॉस्पिटल, आणि कुणी साधा गॅस्ट्रो आहे म्हणालं तर टाइप १ आहे, शुगर आणि कीटोन बघा असं ठामपणे सांगा. आमचं निदान असंच दोन दिवस उशिरा झालं होतं. खूप पाणी, खूप सू, परत अंथरूण ओलं करायला लागणं, बारीक होणं, हे सगळं होतं आणि तिला उलटीचं औषध देऊन घरी पाठवलं होतं.

शाळेबद्दल थोडक्यात. बाईंना भेटून एकच पान द्या, मराठीत मोठ्या अक्षरात, लो झाली की कशी दिसते, काय द्यायचं, कुणाला फोन, आणि तिला एकटीला जिन्याने खाली पाठवायचं नाही. वर्गातल्या मावशी आणि व्हॅनवाले काका यांना पण सांगा, आम्ही त्या तिघांकडे ग्लुकोजची एकेक पुडी दिलीय. शाळा कुरकुर करत असेल तर सांगा की २०२३ मध्ये राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने लेखी कळवलंय की टाइप १ च्या मुलांना गरजेप्रमाणे शुगर तपासू द्यावी, इन्सुलिन घेऊ द्यावं आणि मधे खाऊ द्यावं. सीबीएसईने तर २०१७ पासून दहावी-बारावीच्या परीक्षेला पण अशा मुलांना खाणं जवळ ठेवायची परवानगी दिलीय.

वापरलेल्या सुया कचऱ्यात नुसत्या टाकू नका. आमच्याकडे कचरा न्यायला येतात त्या ताई हाताने ओला-सुका वेगळा करतात. २०१६ च्या घनकचरा नियमांत वापरलेल्या सुया आणि सिरिंज घरगुती घातक कचऱ्यात धरल्या होत्या. जाड प्लॅस्टिकची बाटली घ्या, फिनेलची किंवा टॉयलेट क्लीनरची रिकामी, पाण्याची पातळ बाटली नको, सुई आरपार येते. भरली की झाकण टेप लावून बंद करा, वर लाल पेनाने सुया असं लिहा आणि डॉक्टरांच्या दवाखान्यात विचारून द्या, त्यांचा वैद्यकीय कचरा वेगळा जातो.

आणि बाहेर पडताना एक पिशवी, पाच मिनिटांसाठी नाक्यावर गेलो तरी. मीटर, स्ट्रिप्स, दोन्ही पेनं, जास्तीच्या सुया, ग्लुकोज, बिस्किटचा पुडा, पाणी, कीटोन पट्ट्या, डोसचा कागद प्लॅस्टिकमध्ये. विमानाने जात असाल तर इन्सुलिन हातातल्या बॅगेत. २६ जुलै २००५ ला लोक रात्रभर ऑफिसात आणि रस्त्यावर अडकले होते हे डोक्यात ठेवून पावसाळ्यात पिशवीत पूर्ण एक दिवसाचं सामान असतं. गेल्या पावसात दादरहून येताना आमची लोकल सायनच्या पुढे पाण्यामुळे अडीच तास उभी राहिली. जेवणाची वेळ झाली, डबा सोबत होता, शुगर बघितली, तिने मांडीवर बोट ठेवून जागा दाखवली, बे एके बे सुरू केलं आणि शेजारच्या दोन बायका पण तिच्याबरोबर बे दाही वीसपर्यंत म्हणाल्या. एकीने तिला खिडकीची जागा दिली. घरी पोचलो तेव्हा दहा वाजून गेले होते, ओले कपडे बदलायच्या आधी पिशवीत नवीन सुया आणि ग्लुकोज भरून ठेवलं, सकाळी सातला शाळेची व्हॅन येणार होती.